सोमवारची मी आणि शनिवारची मी

कंबरदुखी मुक्कामालाच आली आहे हे लक्षात आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तिची फाइल. रिपोर्ट एका कप्प्यात, औषधांच्या चिठ्ठ्या दुसऱ्यात, एमआरआयची फिल्म मागे मोठ्या पाकिटात. नवरा म्हणाला, "दुखण्याची पण फाइल काढलीस. आता त्याला प्रमोशन पण देशील." तो तुर्भ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि घरातले स्क्रूसुद्धा मापाप्रमाणे वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवतो, त्यामुळे त्याचं बोलणं मी मनावर घेतलं नाही.

खारघरला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. गाळा स्वतःचा, कॉलेजच्या रस्त्याला लागून. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा सुरू केलं. आता ती बंगळूरला नोकरी करते. आठवडाभर कॉलेजची मुलं आणि डबा नेणारे नोकरदार, आणि शनिवारी समोरच्या उंच इमारतींतली जोडपी. शनिवार आमचा सगळ्यात मोठा दिवस. कुणाकडे पाहुणे, कुणाकडे वाढदिवस, कुणाला नुसताच कंटाळा. पुरणपोळ्या सांगून ठेवलेल्या असतात. रविवारी बंद.

केंद्रात भाज्या मी ठरवते, बाजार मी करते, हिशेब मी ठेवते आणि पोळ्या मी लाटते. माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून एक मदतनीस आहे. लातूरकडची, राहायला तुर्भ्याला. ती कणीक मळते, भाज्या चिरते, तव्यापाशी उभी राहते. लाटणं मात्र माझ्या हातात. पोळीची कड पातळ हवी, हा आमच्या केंद्राचा लौकिक, आणि तो मी स्वतःच्या मनगटावर सांभाळला होता.

कंबर पूर्वीही दुखायची, पण दुखून जायची. यावेळी ती आली ती डाव्या पायात उतरली आणि वर्ष उलटलं तरी गेली नाही. हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म बघून सांगितलं की ऑपरेशनची गरज नाही, वयाप्रमाणे झीज आहे. हे ऐकून आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. एवढं दुखतंय आणि वयाप्रमाणे म्हणे. मग पट्टा झाला, मालिश झाली, शेजारणीच्या बहिणीने सांगितलेला काढा झाला. प्रत्येक उपायापुढे मी फाइलमध्ये एक ओळ लिहीत होते आणि पुढे फुली मारत होते.

त्याच सुमारास एक जोडपं आलं. मोमो आणि फ्रँकी विकायची त्यांची गाडी होती आणि आता त्यांना पक्की जागा हवी होती. आमचा गाळा भाड्याने मिळेल का, असं त्यांनी विचारलं. माणसं चांगली होती. "घाई नाही मॅडम," तो तरुण म्हणाला, "पण दिवाळीपर्यंत सांगा. तोवर आम्ही दुसरीकडे बघत नाही."

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "देऊन टाक. किती दिवस असं वाकून चालणार?" त्याने हे प्रेमाने म्हटलं होतं. मी भात कालवत राहिले. गाळा दिला तर मदतनीस कुठे जाणार, हे मी मोठ्याने बोलले. मी कुठे जाणार, हे नाही बोलले.

दिवाळीला अजून पुष्कळ अवकाश होता. तेवढ्यात काय ते करायचं, असं ठरवून मी बेलापूरच्या त्या क्लिनिकमध्ये नाव घातलं. जुन्या दुखण्यांसाठीच ते चालतं. तिथे एकाच मजल्यावर तीन जण बसतात: वेदनांच्या उपचारातल्या डॉक्टर, एक फिजिओ आणि एक मानसोपचारतज्ज्ञ. डॉक्टर साठीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या. फिजिओ कोल्हापूरचा, तिशीतला, सगळ्या बायकांना काकू म्हणणारा. मानसोपचारतज्ज्ञ माझ्या मुलीहून थोडी मोठी, शांत आवाजाची. तिच्याकडे जायला मी आधी तयार नव्हते. "माझी कंबर दुखते, डोकं ठीक आहे," असं मी डॉक्टरांना सांगितलं.

"डोकं ठीक आहे म्हणूनच पाठवतेय," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठीवर सही केली.

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी मला माझं दुखणं समजावून सांगितलं. "तुमच्या सोसायटीत एखादी गाडी असेल बघा, जिच्यावर कबुतर बसलं तरी अलार्म वाजतो."

होती. बी विंगची, पांढरी.

"अलार्म खरा वाजतो की नाही? झोपमोड होते की नाही? पण चोर नसतो. तुमच्या कमरेत पूर्वी चोर आला होता. आता तो गेलाय, अलार्म मात्र हळवा होऊन बसलाय. आपल्याला त्याची दुरुस्ती करायची आहे."

हे मला पटलं. दुखणं खोटं आहे असं न म्हणता कुणीतरी पहिल्यांदा नीट सांगत होतं.

मग वेळा ठरवायच्या होत्या, आणि त्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. फिजिओसाठी मी सोमवार सकाळ घेतली; रविवारी केंद्र बंद, सोमवारी दहाला उघडायचं, त्याआधी मेट्रोने बेलापूरला जाऊन परत येता येतं. डॉक्टर शनिवारी संध्याकाळीही बसतात, म्हणून शनिवार. केंद्र आवरून निघायचं, नवरा घ्यायला येणार. मानसोपचारतज्ज्ञ बुधवारी दुपारी, कारण बुधवार आमचा सगळ्यात हलका दिवस. एकही डबा न चुकवता तीनही माणसं बसवली. वेळापत्रक फ्रिजवर लावलं तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

दोन महिने तसं चाललं. सोमवारी फिजिओ खूश असायचा. "काकू, एक नंबर," म्हणायचा आणि पुढच्या आठवड्यासाठी दोन नवे व्यायाम द्यायचा. शनिवारी डॉक्टर माझं उठणं-बसणं बघायच्या, औषध थोडं वाढवायच्या आणि म्हणायच्या, "विश्रांती घ्या." मी दोघांचंही ऐकत होते. आठवडाभर वाढलेले व्यायाम करायचे आणि वाढलेल्या गोळ्या घ्यायच्या. गोळ्यांनी सकाळी डोळ्यांवर झापड असायची आणि व्यायामांनी संध्याकाळी पाय भरून यायचे. एकदा आमटीत दोनदा मीठ पडलं. मदतनीस म्हणाली, "ताई, आज समुद्र घातलाय जणू." मी हसले, पण त्या दिवशी गाळ्याचं शटर ओढताना ते मोमोवालं जोडपं मला फार समंजस वाटलं.

त्या क्लिनिकची एक पद्धत आहे. दर दोन महिन्यांनी तिघेही एका टेबलाशी बसतात आणि पेशंटही बरोबर बसतो. डॉक्टरांचा नियम असा की पेशंटबद्दल त्याच्या पाठीमागे काही बोलायचं नाही. जे काय असेल ते समोर, चहा घेत. गणपतीच्या आधी एका गुरुवारी माझी बैठक होती. मी फाइल घेऊन गेले. ती उघडायची वेळच आली नाही.

सुरुवात फिजिओने केली. "काकूंची प्रगती मस्त आहे. वाकणं सुधारलंय, चालणं सुधारलंय. मी म्हणतो, आता गोळ्या कमी करायला हरकत नाही."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "कुणाची प्रगती?"

"काकूंची."

"ह्यांची? ह्यांना खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार लागतो. मी दोन महिने बघतेय. उलट मला वाटतंय, तुझे व्यायाम जरा जास्त होताहेत."

"मॅडम, त्या माझ्यासमोर दहा वेळा उठतात-बसतात, हात न टेकता."

"मग तू दुसऱ्याच कुणाला तरी तपासतोयस."

"फाइलवर नाव तर ह्यांचंच आहे."

मी दोघांच्या मधे बसले होते. माझ्याबद्दलच भांडण आणि मला कुणीच विचारेना. आणि वाईट म्हणजे दोघंही खरं बोलत होते. मी फिजिओसमोर खरंच उठत-बसत होते. डॉक्टरांसमोर मला खरंच उठवत नव्हतं. क्षणभर मला भीती वाटली की आता म्हणतील, ही बाई नाटकं करते.

मानसोपचारतज्ज्ञ तोवर बिस्कीट खात ऐकत होती. ती म्हणाली, "मला तर तिसऱ्याच भेटतात. त्यांची कंबर दुखते, पण त्या हसतात, बोलतात, जाताना लिफ्ट न घेता जिन्याने जातात." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "फिजिओ सर कुठल्या वारी बघतात तुम्हाला?"

"सोमवारी सकाळी."

"आणि रविवारी तुम्ही काय करता?"

"रविवारी बंद असतं. झोपते दुपारी."

"मॅडमकडे?"

"शनिवारी. केंद्र आवरून."

"शनिवारी काय असतं केंद्रात?"

मी सांगायला सुरुवात केली. पुरणपोळ्या, पार्सलं, साडेबारानंतरची रांग, लाटणं. अर्ध्यात असतानाच फिजिओने कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टर मात्र हसायला लागल्या. त्या हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

"म्हणजे ह्याला सुट्टीनंतरची बाई दिसतेय," त्या म्हणाल्या, "आणि मला लढाईनंतरची. आणि दोघांनी मिळून मधल्या बाईला सळो की पळो केलंय."

वेळापत्रकात तशी काहीच चूक नव्हती. सगळ्यांच्या सोयीचं होतं. फक्त ह्या तिघांनी माझे तीन तुकडे वाटून घेतले होते आणि प्रत्येकजण आपल्या वाट्याच्या तुकड्यावर मन लावून काम करत होता. एकाच मजल्यावर बसून, एकच चहा पिऊन. डॉक्टरांनी तिथल्या तिथे ठरवलं की दिवाळीपर्यंत वार बदलायचे. फिजिओने मला शनिवारी बघायचं आणि त्यांनी सोमवारी.

पहिल्या शनिवारी फिजिओने मला दारातून येताना पाहिलं आणि तो उठूनच उभा राहिला. "काकू, काय ओ हे?"

"ही शनिवारची," मी म्हटलं.

त्याने मला काही करायला लावलं नाही. पाय वर घेऊन पाठीवर निजवलं आणि म्हणाला, "मी ह्या बाईला ते व्यायाम दिले होते? मला कुणी तरी मारायला पाहिजे." अर्ध्याहून अधिक व्यायाम त्याने त्याच दिवशी काढून टाकले. सोमवारी डॉक्टरांनी मला दारापासून खिडकीपर्यंत चालायला सांगितलं, मग चष्मा पुसून परत एकदा चालायला सांगितलं, आणि रात्रीची गोळी हळूहळू कमी करत कशी बंद करायची ते लिहून दिलं.

पण वार बदलून शनिवार काही हलका होत नव्हता. म्हणून ह्यावेळी दोन महिने न थांबता पंधरा दिवसांनीच बैठक ठरली, आणि फिजिओने सांगितलं की येताना केंद्रात काम करतानाचा तुमचा व्हिडिओ आणा आणि मदतनीसालाही आणा. तिने मोबाइल भाजीच्या डब्याला टेकवून ठेवून व्हिडिओ काढला. बैठकीला ती ठेवणीतली साडी नेसून आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

आम्ही पाच जण तो व्हिडिओ बघत होतो. पडद्यावर मी ओट्याशी वाकून लाटतेय. ओटा माझ्यासाठी जरा खाली आहे, हे मलाही तेव्हाच दिसलं. एक ढीग संपला की दुसरा. मधे मधे माझा आवाज, "लवकर, लवकर." मदतनीस शेजारी उभी, तिच्या तव्यावर पोळी नाही, ती वाट बघतेय.

"लाटणं दुसऱ्या कुणाच्या हातात जातच नाही का?" फिजिओने विचारलं.

"ह्यांना लाटता येतं का?" मानसोपचारतज्ज्ञाने मदतनीसाकडे बघून विचारलं.

मदतनीसाने माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "खोटं कशाला बोलू. येतं की. घरी सात माणसाच्या पोळ्या मीच करते. पण ताई माझी लाटलेली पोळी परत लाटतात."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. फिजिओने ओठ आवळून धरले होते.

"कड जाड राहते तिची," मी म्हटलं.

"ऱ्हाते," मदतनीस म्हणाली. "पण ती पोटात गेल्यावर कुणाला दिसती ताई?"

त्यानंतरच्या बुधवारी मानसोपचारतज्ज्ञाने मला एकच प्रश्न विचारला. तुम्ही लाटलं नाहीत आणि नुसत्या गल्ल्यावर बसलात, तर काय होईल? मी म्हटलं, गिऱ्हाईक तुटेल. ती म्हणाली, आणि? मी म्हटलं, पोळी बिघडेल. ती म्हणाली, आणि? तिला ही सवय आहे. शेवटी मी म्हटलं की मग ते केंद्र कुणाचंही असेल, माझं कशाला. म्हणजे मोमोवाल्यांना दिल्यासारखंच की. हे बोलल्यावर मलाच आश्चर्य वाटलं. नवऱ्याशी जेवताना जे बोलले नव्हते ते हेच होतं.

ती म्हणाली, "भाजी कोण ठरवतं?"

"मी."

"बाजार?"

"मीच. पुरणाला किती जायफळ ते पण."

"मग पोळीची कड सोडून बाकी केंद्र कुणाचं आहे?"

मी पर्स उचलली आणि उठले, कारण वेळ संपली होती. पण मेट्रोत खारघर येईपर्यंत मी तेच मोजत बसले.

लगेच पुढच्याच आठवड्यात पुन्हा बसून तिघांनी मिळून एकाच कागदावर सगळं लिहिलं. दुखणं शून्यावर आणायचं, असं त्यात कुठेही नव्हतं. मी ते मागितलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "सोमवार रोज मिळणार नाही. पण शनिवारी संध्याकाळी तुम्ही बुधवारसारख्या दिसलात तर आपण जिंकलो." मला हे आवडलं. बुधवार मला माहीत होता. बुधवारी मला चहाची चव लागते.

कागदावर काय होतं ते साधंच होतं. पोळपाटाखाली लाकडी पाट, म्हणजे वाकायला नको. ओट्याशी एक उंच स्टूल. घरी मोजकेच व्यायाम, बऱ्या दिवशी जास्त नाहीत आणि वाईट दिवशी बंद नाहीत. आणि शेगडीजवळ एक टायमर. तो वाजला की लाटणं खाली ठेवायचं आणि मदतनीसाने उचलायचं. दुखत असो वा नसो.

ह्या शेवटच्या मुद्द्यावर मी भांडले. "दुखत नसताना थांबायचं? तो तर कामचुकारपणा झाला."

"काकू, दुखायला लागल्यावर थांबलात तर उशीर झालेला असतो," फिजिओ म्हणाला. "तुमचं असं आहे की बऱ्या दिवशी तुम्ही यादी संपवता, आणि मग दोन दिवस यादी तुम्हाला संपवते."

मला त्याचा राग आला, कारण ते खरं होतं. जरा बरं वाटलं की मी माळे आवरायला काढायची, डबे घासायला काढायची. नवरा घरी हे ऐकून इतका खूश झाला की त्याने स्टोअरमधून नसले तरी बाजारातून दोन टायमर आणले, एक केंद्रात आणि एक घरी.

पहिले काही दिवस टायमर वाजला की मी म्हणायचे, "थांब, एवढे गोळे संपवते." मदतनीस लाटण्याचं दुसरं टोक धरून उभी राहायची. रांगेतली माणसं बघत असायची. एका मुलीने विचारलंही, "काकू, लाटण्यावरून भांडण चाललंय का?" शेवटी लाजेने सोडलं. स्टुलावर बसून पार्सलं बांधायला लागले, आणि तिथून मला रांग दिसायला लागली. कोण रोज एकच भाजी नेतं, कोणाला दोन पोळ्या कमी पडतात, कोणती म्हातारी उभी राहून दमते. दोन नव्या भाज्या मी त्या स्टुलावर बसून ठरवल्या.

शनिवार लगेच बदलला नाही. नवरात्रात एकदा जोरात दुखलं आणि मी दोन दिवस झोपून होते. मला वाटलं, झालं, सगळं पाण्यात. फोनवर डॉक्टर म्हणाल्या, "कबुतर बसलं असेल. उद्या उठा आणि ठरलंय तेवढंच करा." उठले. ठरलं होतं तेवढंच केलं.

मग दिवाळीच्या तोंडावरचा एक शनिवार आला. फराळाच्या ऑर्डर होत्या, चकली मात्र मी यंदा घेतलीच नव्हती. केंद्र आवरून मी मेट्रोने एकटीच बेलापूरला गेले. फिजिओने मला खुर्चीत बसवलं, उठवलं, परत बसवलं. टेबल हाताशी होतं. मी ते धरलं नाही. त्याने दार उघडून पलीकडे हाक मारली, "मॅडम, जरा येता का? शनिवारच्या काकू बघा."

डॉक्टर दारात उभ्या राहून बघत होत्या. "दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय."

"किती?"

"बुधवारइतकं."

त्या मान हलवून परत गेल्या. त्यांच्याकडे दुसरा पेशंट होता.

तिथून निघाल्यावर मी रिक्षा करून दिवाळे गावात गेले. कित्येक महिने मासळी नवराच आणत होता, आणि त्याला कोलंबी निवडता येत नाही. खाडीकडच्या बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. मी एकीशी भावावरून हुज्जत घातली, उभ्याने, दोन्ही पायांवर भार देऊन. ती म्हणाली, "घे गो बाय, ताजी हाय. दिवालीचं दिवस हायेत, उगाच तानून नको धरू." मी घेतली. पिशवी उजव्या हातातून डाव्यात, डाव्यातून उजव्यात करत रिक्षेपर्यंत आले. फिजिओने तसंच सांगितलं होतं.

घरी पोचल्यावर पिशवी ओट्यावर ठेवली आणि मोमोवाल्यांना फोन केला. गाळा देत नाही म्हणून सांगितलं. तो तरुण जरा नाराज झाला, पण मी त्याला मागच्या गल्लीतला एक रिकामा गाळा आणि त्याच्या मालकाचा नंबर दिला. तो मी आधीच काढून ठेवला होता. नवरा कोलंबी बघत होता. "ही एवढी मोठी कुठे मिळते?" तो म्हणाला. त्याने फोन ऐकला होता. त्याने सुरी धुतली आणि कोलंबी सोलायला बसला.

त्या जोडप्याने मागच्या गल्लीत दुकान टाकलं आहे. फ्रँकीसाठी लागणाऱ्या पोळ्या ते आमच्याकडूनच नेतात. बैठकीला आता मला फार क्वचित बोलावतात. सोमवारी मी शनिवारपेक्षा बरी असते, हे अजूनही आहे, पण आता त्या दोघी एकमेकींना अगदीच अनोळखी नाहीत.

टायमर अजून वाजतो. आता मदतनीसाला लाटण्याचं टोक धरावं लागत नाही. "ताई, वाजलं," ती म्हणते आणि मी बाजूला होते. तिची पोळी तव्यावर टम्म फुगते, कड जरा जाड असते. मी ती परत लाटत नाही. कागदात गुंडाळते आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला देते.